खोडूनको सर

खोडरबर दिसलं की सरांचं डोकं फिरायचं. वर्गात शिरल्यावर तळहात पुढे करून ते बाकांमधून फिरायचे आणि मुलं आपापली खोडरबरं त्यांच्या हातावर मुकाट ठेवायची. ती सगळी टेबलावरच्या पितळी डब्यात जायची आणि तास संपला की परत मिळायची. कुणी खिशात दडवलेलं सापडलं, तर सर ते खिडकीतून थेट रेल्वेच्या रुळांकडे भिरकावायचे. "खोडू नको! अरे खोडू नको!" हा त्यांचा आवाज शेजारच्या गणिताच्या वर्गात ऐकू जायचा. सगळी शाळा त्यांना खोडूनको सर म्हणायची. मुलं पाठीमागे म्हणायची, आम्ही शिक्षकही म्हणायचो आणि सरांना ते पक्कं ठाऊक होतं. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोकांना गेलेल्या माणसाच्या आठवणीने रडू येतं. मला सरांची आठवण आली की राग येतो. तो कुणाचा, ते सांगायलाच बसले आहे.

मी चित्रकला शिक्षकाची एटीडी पदविका करून त्या शाळेत लागले ती सत्तरच्या आसपास. शाळा चिंचवडला, रेल्वे फाटकाच्या अलीकडे. एका अंगाला जुनं गाव आणि दुसऱ्या अंगाला कंपन्यांच्या लांबच लांब भिंती. कंपनीचा भोंगा झाला की आमचा शिपाई त्यावर घड्याळ लावायचा आणि मग घंटा द्यायचा. सर तिथे शाळा निघाली तेव्हापासूनचे. चित्रकलेचे आम्ही दोघेच शिक्षक, आणि दोघांत मिळून एक कपाट आणि जिन्याखालची एक खोली. तिच्यावर 'चित्रकला कक्ष' अशी पाटी होती आणि आत गॅदरिंगच्या सतरंज्या, कवायतीचे डंबेल्स आणि पुठ्ठ्याचा एक रावण राहायचा. त्यातून उरलेल्या जागेत आम्ही कलेची सेवा करायची. परीक्षा जवळ आली की आमचे तास इंग्रजी-गणितवाले मागून न्यायचे. मागून म्हणते ते उगाच. मागत कोण होतं! मी चिडले की सर म्हणायचे, "बाई, आपण लग्नातले बँडवाले. वरात दारात पोचली की आपल्याला कोण पाणी विचारतंय?" म्हणायचे शांतपणे, पण म्हणता म्हणता हातातला खडू मोडायचे.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे ते कुठल्याच चित्राला 'छान' म्हणत नसत. मी नवी होते, उत्साहाने प्रत्येक वहीत 'छान' लिहायची आणि खाली एक फूलही काढायची. सरांनी एकदा माझ्या वर्गाच्या वह्या चाळल्या आणि विचारलं, "बाई, एवढी छान चित्रं निघत असतील तर तुमची गरज काय मग? छान म्हटलं की पोरगं तिथंच थांबतं. परत तेच काढून आणतं." त्यांची स्वतःची कमाल दाद म्हणजे "हं, बघू पुढचं." ते "बघू" मिळवण्यासाठी पोरं जिवाचं रान करायची. मी आजवर इतक्यांना छान म्हटलं, त्यातलं एकही पोर माझ्यासाठी तेवढं राबलं नाही.

खोडायला बंदी का, हे त्यांनी मला रावणाच्या शेजारी बसून समजावलं होतं. "चुकलेली रेघ म्हणजे पोरानं केलेला प्रयत्न असतो. ती पुसली की कागदावर राहतं काय? फक्त उत्तर. मला रीत बघायचीय. चुकली तर चुकली, तिच्याशेजारी दुसरी काढ. पण जे घडलं ते घडलं नाही असं कागदावर दाखवायचं नाही." हे शेवटचं वाक्य मला तेव्हा जरा नाटकीच वाटलं होतं.

स्मरणचित्राच्या तासाला तर सर पेटायचेच. विषय काहीही द्या, निम्मा वर्ग तेच चित्र काढायचा: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीला टेकून नारळाचं झाड. 

"नारळ कुठं बघितलास रे?" 

"पुस्तकात, सर." 

"आणि सूर्य कुठून उगवतो तुझ्या घरी?" 

पोरगं विचारात पडायचं. "कंपनीच्या टाकीमागून." 

"मग टाकी काढ की! टाकीनं काय पाप केलंय?" 

मग पोरं टाक्या काढू लागली. शिफ्टची बस, दारात वाळणारा बापाचा तेलकट पॅन्ट-शर्ट, रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या बापाला उठवू नये म्हणून तोंडावर बोट धरलेली आई. हे सगळं आमच्या जिन्याखालच्या भिंतीवर लागायला लागलं. हेडसर म्हणाले, "सर, जरा निसर्ग वगैरे येऊ द्या." निसर्ग! शाळेमागच्या ओढ्याला कुठल्या दिवशी कुठल्या रंगाचं पाणी येतं हे पोरं न बघता सांगायची, आणि ह्यांना निसर्ग हवा होता.

सर सुट्टीच्या दिवशी देहूरोडच्या बाजारात जायचे. तिथे लष्करातल्या साहेबलोकांच्या बंगल्यांवरची इंग्रजी मासिकं रद्दीत यायची. त्यांतली चित्रांची पानं ते निवडून आणायचे, पुठ्ठ्यावर डकवायचे आणि सोमवारी ती मला दाखवायची हा आमचा ठरलेला कार्यक्रम. मी माझ्याकडची राजस्थानी लघुचित्रांची कार्डं काढायची. ते म्हणायचे, "तुमच्या राण्यांच्या हाताला कधी घट्टा पडलाय का?" मी म्हणायची, "तुमच्या गोऱ्यांना रंग तरी लावता येतात का?" चहा निवेपर्यंत भांडायचो. 

एका सोमवारी त्यांनी एक पान आणलं. काळ्या खडूने काढलेले म्हाताऱ्या बाईचे दोन हात, मांडीवर ठेवलेले. बस, एवढंच. पान खालून फाटलेलं होतं, त्यामुळे कुणी काढलं ते कळायला मार्ग नव्हता. सर म्हणाले, "हे बाईमाणसानं काढलंय. आईचे हात आहेत." कशावरून, तर म्हणे दिसतंय की. त्या दिवसापासून ती अनोळखी चित्रकर्ती आमच्या बोलण्यात 'हातवाली बाई' झाली. काही अडलं की सर म्हणायचे, "हातवाल्या बाईनं काय केलं असतं?"

तिच्यापायीच आठवीच्या वर्गाचा तो उपक्रम निघाला, 'घरातल्यांचे हात'. कल्पना सरांची, काळज्या माझ्या. कागद कुठून आणायचा? शाळेकडे मागितला तर हेडसरांनी वर पंख्याकडे पाहिलं. शेवटी एका मुलाच्या वडिलांनी कंपनीच्या रद्दीतून यंत्रांच्या नकाशांच्या जुन्या प्रती आणून दिल्या. एका बाजूला निळसर रेघा, दुसरी बाजू कोरी. अमोनियाचा असा वास की पहिल्या दिवशी वर्ग शिंकून बेजार. रंग पुरेनात म्हणून गेरू, हळद आणि चुलीची काजळी डिंकात कालवली. सरांची अट एकच होती: हात समोर बसवून काढायचा, मनाने नाही.

हात आले. भाकरी थापणारे, मोळी बांधणारे, कोळशाच्या वखारीतले. सुनंदा नावाची एक मुलगी होती, जुन्या गावातल्या शेतकऱ्याची. त्यांची जमीन कंपनीत गेली आणि बाप कंपनीत पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर लागला. तिने बापाचा उजवा हात काढला होता, मशीनच्या दांड्यावर ठेवलेला. गेरू आणि काजळीत काढलेला असा हात मी नंतर कुणाकडून पाहिला नाही. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हं. पण दोन बोटं राहिलीत तुझी. ती काढ, मग बघू." 

सुनंदा म्हणाली, "सर, येवढीच हायत." 

वर्गात कुणी हसलं नाही. कुणाला त्यात नवल वाटलंच नव्हतं; प्रेसवरच्या बापाची बोटं कमी असणं ही त्या पोरांच्या लेखी साधी गोष्ट होती. चुकले होते ते सर, जे जन्मभर 'जे दिसतं ते काढा' म्हणून ओरडत आले होते. ते खिडकीपाशी गेले आणि तास संपेपर्यंत तिथेच उभे राहिले. संध्याकाळी ते सुनंदाच्या घरी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी तिला म्हणाले, "बघितला. बरोबर आहे तुझं."

तेवढ्यात कंपनीचा सुरक्षा सप्ताह आला. कामगारांच्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा, विषय 'माझे वडील कामावर'. कंपनीचे वेल्फेअरसाहेब शाळेत चित्रं बघायला आले. शाळेच्या नव्या हॉलला कंपनी देणगी देणार होती, त्यामुळे हेडसर त्यांच्या अर्धा पाऊल मागे आणि जरा वाकून चालत होते. साहेब सुनंदाच्या चित्रापाशी थांबले. मनापासून थांबले, हे मला कबूल केलं पाहिजे. 

"उत्तम! पहिलं बक्षीस हेच. फक्त सर, ती दोन बोटं तेवढी काढून द्या." 

सर म्हणाले, "ती तुमच्या मशीननं आधीच काढलीत, साहेब." 

साहेबांचा चेहरा पडला. ते हळू आवाजात हेडसरांशी काही बोलले आणि निघून गेले. मग हेडसर आमच्यावर घसरले. "सर, तुमचंच तत्त्व ना, खोडायचं नाही? इथे कुठे काय खोडायचंय? उलट वाढवायचंय!" एवढं हुशार वाक्य तो माणूस अख्ख्या कारकिर्दीत दुसरं बोलला नसेल. सर म्हणाले, "माझ्या हातून होणार नाही." हेडसर माझ्याकडे वळले. "बाई, मग तुम्ही करा." मी म्हटलं, "माझा हात मोडलाय असं समजा, हेडसर." माझी नोकरी कायम झालेली नव्हती, पण त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

आम्हाला वाटलं, आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटल्यावर सुनंदाचे वडील आले. अंगात कंपनीचा निळा शर्ट, उजवा हात खिशात. मागे सुनंदा. सरांनी सतरंज्या सरकवून त्यांना स्टूल दिलं, पण ते बसले नाहीत. 

"सर, मला चित्रातलं काय कळत न्हाई. पोरीनं माजा हात काढला, बरं वाटलं. पन ती बोटं घालून टाका." 

"कुणी पाठवलं तुम्हाला?" 

"साहेबांनी बोलावलं व्हतं. सर, मशीनवर बोटं गेली असं मी कंपनीत म्हनलेलं न्हाई. घरी कडबाकुट्टीत गेली असं सांगितलंय. तसं सांगितलं म्हनून तर कामावर ठिवलंय. आता गेटवर बसवनार हायत मला. त्या चित्रात हात मशीनवर हाय. लोकं काय समजायचं ते समजत्याल." 

सर म्हणाले, "तुमची तर जमीनच गेलीय. कडबा कुठला?" 

"जमीन गेली, बैल गेलं, कुट्टी इकून पन लई दिस झालं," ते म्हणाले. "साहेबांनाबी ठावं हाय की." 

सरांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. त्यांना ओरडायचं होतं, पण समोर ज्याच्यावर ओरडावं असा माणूसच नव्हता. कंपनी आली नव्हती, हेडसर आले नव्हते. पाठवला होता तो हा, खिशात हात घातलेला माणूस. ही त्या लोकांची रीत मला अजून सहन होत नाही. ज्याचं नुकसान केलं, त्यालाच ते झाकायला पाठवायचं.

शेवटी सर सुनंदाला म्हणाले, "चित्र तुझं आहे. तू सांग." सुनंदाने बापाकडे पाहिलं आणि ब्रश उचलला. सर कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. पोरीचा हात इतका तयार होता की ती दोन बोटं मागाहून आली हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. झाल्यावर बापाने खिशातला हात बाहेर काढला, चित्राशेजारी धरला आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. 

"व्हय," तो म्हणाला. "अशीच व्हती बगा."

पहिलं बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा आणि टाळ्या. हॉलची देणगीही मिळाली. सर दुसऱ्या दिवसापासून वर्गात खोडरबरं गोळा करेनासे झाले. पितळी डबा कपाटात गेला. पोरं बापडी स्वतःहून टेबलावर खोडरबरं आणून ठेवायची. सर ती न बघता परत द्यायचे. सोमवारची आमची भांडणंही थांबली.

दिवाळी झाली आणि गेटवर बसवायचं ठरलेल्या माणसाला कंपनीने घरी बसवलं. नवा कुणी साहेब आला होता. त्याचं म्हणणं, ज्याच्या हाताला पकड नाही तो माणूस गेटवर काय कामाचा? भरपाईचं विचारायला गेले तर उत्तर तयार होतं: तुमची बोटं घरी गेलेली, कंपनीचा काय संबंध? सुनंदाने हे सरांना शाळेच्या नळापाशी सांगितलं. मी तिथेच होते.

आणि नव्या वर्षाला कंपनीचं कॅलेंडर आलं. गुळगुळीत कागद, वर सुनंदाचं चित्र. पाचही बोटं शाबूत. खाली लाल अक्षरांत 'सुरक्षित हात, सुखी संसार'. चिंचवड-पिंपरीत घरोघर, दुकानोदुकान ते लागलं. आमच्या शिक्षकखोलीतही हेडसरांनी स्वतः खिळा ठोकून लावलं. 

मधल्या सुट्टीत सर उठले. खिशातून दाढीचं ब्लेड काढलं, ते आडवं धरलं आणि हलक्या हाताने ती दोन बोटं खरवडायला लागले. नखं, पेरं, सांधे, एकेक करून. खाली पांढरा कागद निघाला. फुंकर मारून त्यांनी चुरा उडवला आणि हात धुऊन तासावर गेले. जन्मभर ज्याने कुणाला रेघ पुसू दिली नाही, त्याने खोडलेली ती पहिली गोष्ट. 

मग ते थांबेनात. हेडसरांच्या खोलीतलं कॅलेंडर झालं. न्हाव्याच्या दुकानातलं झालं, रेशन दुकानातलं झालं, गिरणीतलं झालं. लोकांनी अडवलं नाही. न्हाव्याने तर खुर्ची दिली आणि म्हणाला, "मास्तर, उजेडाकडं बसा." अख्ख्या गावाला ठाऊक होतं, बोटं कुठे गेली ते. फक्त ते बोलायची सोय नव्हती.

बोभाटा व्हायचाच होता. 'हितचिंतकांच्या मालमत्तेचं विद्रूपीकरण' असा आरोप सरांवर आला. फुकट वाटलेली कॅलेंडरं, आणि म्हणे मालमत्ता! एका माणसाचा हात विद्रूप केला त्याला काय म्हणायचं, ते मात्र कुणी सांगेना. संस्थेची निघोजेला नवी शाखा निघाली होती, तिथे सरांची बदली झाली. तिथे चित्रकलेचा तासच नव्हता. भूगोल आणि कवायत शिकवा म्हणाले. निरोप समारंभात हेडसर सरांच्या 'कलोपासनेवर' बोलले. मी मधूनच उठून बाहेर आले. बसले असते तर हातून काहीतरी झालं असतं.

सर जिन्याखाली सामान आवरत होते. हातवाल्या बाईचा पुठ्ठा त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. तेवढ्यात दारात सुनंदा आणि तिचे वडील. वडिलांच्या काखेत गुंडाळी होती. त्यांनी ती टेबलावर उलगडली. त्यांच्या घरचं कॅलेंडर. त्यावर बोटं पाचच्या पाच. 

"सर, समद्यांची केली. आमची राह्यली." 

सरांनी मान हलवली. "मी तुमच्या घरच्याला हात लावायचा नाही म्हणून थांबलो होतो. घरात तुम्हाला ती बघायची असतील." 

"बगितली," ते म्हणाले. "रोज बगितली. पुरं झालं आता." 

सरांनी ब्लेड काढलं, पण स्वतः पुढे झाले नाहीत. ते त्यांच्यापुढे धरलं. सुनंदाच्या वडिलांनी आधी सरांकडे पाहिलं, मग अंगठा आणि उरलेल्या दोन बोटांत ते ब्लेड धरलं. कागद सरकू नये म्हणून सरांनी दोन्ही तळव्यांनी तो दाबून धरला. 

"काढू का, सर?" 

"काढा." 

त्यांना वेळ लागला. एका जागी ब्लेड जोरात बसून कागद फाटलाही. भोंगा झाला, दुसरी पाळी आत गेली. काम संपल्यावर सुनंदाने वाकून फुंकर मारली. वडिलांनी ब्लेड खाली ठेवलं आणि वर्गातलं पोर उभं राहतं तसे उभे राहिले. 

"जमलं का, सर?" 

सर त्या फाटक्या, खरवडलेल्या हाताकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, हं, बघू. 

"छान," सर म्हणाले. "छान काढलंत."